फिल्म धुणारे घर

दादर स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडून थोडे चालले की दादासाहेब फाळके मार्ग लागतो. रोज हजारो माणसे या रस्त्याने जातात. कोणाला लोकल गाठायची असते, कोणाला भाजी घ्यायची असते. पाटीकडे मान वर करून पाहण्याची सवड कोणाला? मी स्वतः लालबागहून कॉलेजला येताना दोन वर्षे या बाजूने ये-जा करीत आहे. परंतु हा रस्ता कोणाच्या नावाचा आणि का, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला तो एका घरगुती कारणाने. ते कारण आधी सांगतो आणि मग दादासाहेबांच्या चरित्राकडे वळतो.

माझे आजोबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्यांचे काम गेले ते गेलेच. वडिलांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि सोळाव्या वर्षी एका फोटो स्टुडिओच्या अंधारखोलीत ते कामाला लागले. ओळखपत्राचे फोटो, शाळेतले ग्रुप फोटो, स्थळाला पाठवायचे मुलींचे फोटो, अशा काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल ते हाताने धूत. औषधांमुळे त्यांची नखे कायम तपकिरी असत. पुढे रंगीत फोटोंची स्वयंचलित यंत्रे आली, अंधारखोली बंद झाली आणि वडिलांनी मिळेल ते काम धरले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी नुसते नोकरी असे लिहिले होते. फिल्म धुणे हे चारचौघांत सांगण्यासारखे काम आहे असे मला वाटले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात पोटमाळा साफ करताना वडिलांचा फिल्म धुण्याचा जुना टँक सापडला. एका मित्राकडे त्याच्या काकांचा कॅमेरा होता. वडिलांनी एका रात्री मला रोल धुण्यास शिकविले. शिकविता शिकविता ते सहज बोलून गेले, की आपल्या देशातला पहिला मोठा सिनेमासुद्धा असाच घरात धुतला गेला, आणि तोही आपल्या दादरला. मी दुसऱ्याच दिवशी ग्रंथालय गाठले.

दादासाहेबांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री होते. मुलानेही पोथ्या वाचाव्यात, विद्वान व्हावे, अशीच त्या घराची रीत. परंतु धुंडिराजाचे चित्त पोथीत नव्हते. ते बोटांत होते. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते बडोद्यास थोरल्या भावाकडे गेले व कलाभवनात शिकू लागले. कलाभवनाचे प्रमुख प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. अशा माणसाच्या छत्राखाली धुंडिराज चित्रकला शिकले आणि छायाचित्रणाच्या नादी लागले. १८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. ठसे तयार करणे, शिळाप्रेसवर छायाचित्र उतरविणे, तीन रंगांचे ब्लॉक करणे, अशा एकाहून एक किचकट विद्या त्यांनी आत्मसात केल्या. त्या सर्वांत एक गोष्ट समान होती: काच, धातू किंवा कागद यांवर रसायनाने चित्र उमटवायचे आणि ते केव्हा पुरेसे उमटले हे डोळ्यांनी ओळखायचे.

आयुष्याने मात्र त्यांना स्थिर होऊ दिले नाही. गोध्र्याला त्यांनी फोटोचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगच्या साथीने पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर फोटो काढल्याने माणसाच्या अंगातली शक्ती जाते अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. मग त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून, स्वतःचे आडनाव उलटे करून, प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे खेळही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. माहेरच्या गिरिजा करंदीकर. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या कथेत ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

पुढील वर्षी धुंडिराजांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. ती स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी सोडली व लोणावळ्यास ठसे आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्याची कामे त्यांच्याकडे येत. कारखाना पुढे दादरला आला, नवा भागीदार मिळाला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव पडले. रंगीत छपाईची आधुनिक यंत्रे पाहण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. हाताने काम करणारे म्हणजे यंत्राचे शत्रू, असे आपण उगाच समजतो. फाळके यंत्राचे शत्रू नव्हते. जगातले उत्तम यंत्र कोठे मिळते हे त्यांना ठाऊक होते आणि त्यासाठी समुद्र ओलांडण्याची त्यांची तयारी होती.

भागीदारांशी मात्र पटले नाही. फाळके कारखान्यातून बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पदरी बायको-मुले, आणि हाती काही नाही. अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवांची चित्रे अशी हलताना आपल्या लोकांना का दिसू नयेत? या एका प्रश्नाने त्यांना झपाटले. सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन ते पुन्हा तो चित्रपट पाहून आले. मग रोज चित्रपट पाहणे, रात्री जागून पुस्तके वाचणे, स्वस्तातला एक प्रोजेक्टर आणून मेणबत्तीच्या उजेडात घरातल्या भिंतीवर चित्रे हलवून पाहणे, असा क्रम सुरू झाला. झोप तीन तासांवर आली. त्याचा परिणाम असा, की त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली. पण ज्याने पुढे आयुष्यभर अंधारखोलीत लाल दिव्याच्या उजेडात डोळे ताणायचे होते, त्याला नियतीने आधीच अंधार दाखवून ठेवला होता, असे मला हे वाचताना वाटले.

डोळे बरे होताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनच्या बोटीवर चढले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकाने या धंद्यातील अडचणी सांगून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु माणूस मागे फिरणारा नाही हे पाहून वॉल्टन येथील चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठविले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखविला. फाळक्यांनी विल्यमसन बनावटीचा हाताने फिरवायचा कॅमेरा, फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदविली व दोन महिन्यांत ते मुंबईस परतले.

मे महिन्यात ही सामग्री बोटीने आली. ती आली तेव्हा मथुरा भवनाचा कायापालट झाला. कारण कॅमेरा आला तरी आपल्या देशात तेव्हा अशा फिल्मवर काम करणारी तयार माणसे कोठून मिळणार? फाळक्यांनी पगारी माणूस शोधला नाही. त्यांनी घरातल्या माणसांना शिकविले. त्यांत पहिली शिष्या सरस्वतीबाई.

येथे थोडे थांबून ते काम काय होते हे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक चरित्रांत ते एका ओळीत उरकलेले असते. कोडॅकची फिल्म कोरी येई, म्हणजे तिच्या कडेला भोके नसत. भोकांशिवाय कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे सरकवू शकत नाहीत. प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंस चार-चार भोके लागतात. एका फुटात सोळा चित्रे. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. म्हणजे साधारण ५९ हजार चित्रे आणि पावणेपाच लाख भोके! वाया गेलेली फिल्म वेगळी, आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी. हे सारे अंधारात करावयाचे, कारण कोऱ्या फिल्मवर उजेड पडला की ती गेली. दिवसभर घरकाम करून रात्री ही फिल्म भोके पाडण्याच्या यंत्रातून सरकविणाऱ्या बाईची कल्पना करा.

त्यानंतर धुणे. चित्र घेतलेली फिल्म पाहिली तर तिच्यावर काहीच दिसत नाही. चित्र तिच्यात असते, पण सुप्त असते. डेव्हलपर नावाच्या द्रावणात ती बुडविली की जेथे उजेड पडला होता तेथे चांदीचे बारीक काळे कण तयार होतात आणि चित्र वर येते. मग पाण्याने धुवायचे, मग हायपोच्या द्रावणात ठेवून न वापरलेली चांदीची क्षारे विरघळवून काढायची, म्हणजे ती उजेडात टिकते, मग पुन्हा भरपूर पाणी, मग वाळविणे. त्या काळी फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून ती चौकट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हाताने बुडविण्याची पद्धत होती. किती वेळ बुडवायची हे ठरलेले नसे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल दिव्यापुढे चौकट उचलून चित्र किती आले ते पाहता येई. कमी असेल तर पुन्हा बुडवा, झाले असेल तर ताबडतोब काढा. ही नजर पुस्तकातून येत नाही. भात शिजला हे शीत दाबून ओळखणाऱ्या हातांना ती लवकर येत असावी.

आपल्या मराठीत डेव्हलप करण्याला आपण सरळ धुणे म्हणतो. रोल धुवायला टाकला, फोटो धुवून आणले, असेच आपण बोलतो. मला पूर्वी हा शब्द गावठी वाटे. आता वाटते, या कामाचे खरे नाव तेच आहे. पाणी, बादल्या, वेळेचा अंदाज, वाळत घालणे. हे सारे घरातल्या बाईचे काम, फक्त अंधारात केलेले.

या कामातून आधी एक छोटा चित्रपट निघाला. कुंडीत बी पेरून तिच्यासमोर कॅमेरा मांडायचा आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्र घ्यायचे. महिन्याभराने ते धुऊन पडद्यावर लावले तर अंकुर फुटून रोप भराभर वाढताना दिसे. हे पाहून ओळखीच्या सावकारांचा विश्वास बसला. तरी तारण लागलेच. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

मग राजा हरिश्चंद्राचे काम सुरू झाले. आवारात देखावे उभे राहिले. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी स्त्री मिळेना. कलावंतिणींनीसुद्धा नकार दिला. तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसविण्यात आली. फाळक्यांचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा शिकवून त्यांच्या हाती हँडल देण्यात आले. उजेड सूर्याचा, त्यामुळे चित्रण दिवसा. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवीत, आणि रात्री खिडक्यांवर पडदे ओढून फिल्म धुण्यास उभ्या राहत. ती फिल्मही साधी नव्हे. तिचा पाया नायट्रेटचा. ठिणगी पडली तर भडका उडणारा. चूल पेटत्या घरात अशी शेकडो फूट फिल्म हाताळली जात होती. घरात लहान मुले होती.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस हे काम चालले. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात राजा हरिश्चंद्र सर्वांसाठी लागला. पडद्यावर आपल्या ओळखीचा राजा आपल्या ओळखीच्या दुःखातून चालत जाताना पाहून प्रेक्षक भारावून गेले. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, की यातील चित्र न् चित्र एका घराच्या पाण्यातून निघाले आहे?

आता माझा अनुभव सांगतो, कारण त्यावाचून मला या कामाचे मोल कळले नसते. मी आमच्या गल्लीचे दोन रोल काढले. एक रोल स्वयंचलित यंत्र असलेल्या लॅबमध्ये दिला. तेथे फिल्म यंत्राच्या तोंडाशी लावतात. आत रूळ तिला ठराविक गतीने एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेतात, औषधाचे तापमान यंत्र स्वतः राखते आणि फिल्म वाळून बाहेर येते. दुसरा रोल वडिलांनी आणि मी रात्री मोरीत धुतला. खिडकीला घोंगडी लावली. मे महिना, पिंपातले पाणी कोमट. डेव्हलपरला हवे वीस अंश. म्हणून परातीत बर्फ घालून त्यात औषधाचे भांडे ठेवले. आजची फिल्म सगळे रंग पाहते, त्यामुळे लाल दिवाही चालत नाही. ती अंधारात टँकमध्ये भरायची, झाकण लावायचे आणि घड्याळावर विसंबायचे. आत काय चालले आहे ते दिसत नाही. नळाला पाणी सकाळीच येते, म्हणून शेवटचे धुणे साठवलेले पाणी दहा वेळा बदलून केले.

निकाल असा. लॅबचा रोल अधिक स्वच्छ आणि एकसारखा होता. माझ्या रोलवर दोन चित्रांत गोल डाग पडले, कारण टँक आपटून हवेचे बुडबुडे काढायला मी विसरलो. परंतु शेवटची काही चित्रे मी संध्याकाळी कमी उजेडात काढली होती. वडिलांनी ते आधी विचारून घेतले होते आणि डेव्हलपरमध्ये रोल दोन मिनिटे जास्त ठेवला. त्या चित्रांत माणसे उठून दिसली; लॅबच्या रोलमधील तशीच चित्रे फिकी आली. अर्थात लॅबला आधी सांगितले असते तर त्यांनीही वेळ वाढविली असती. मी सांगितले नाही, आणि यंत्राने विचारले नाही. वडिलांना मी म्हणालो की हातच श्रेष्ठ. त्यांनी मान हलविली. त्यांच्या हातून एकदा एका लग्नाचा अख्खा रोल खराब झाला होता आणि ती चित्रे पुन्हा काढता येणार नव्हती. यंत्राकडून असे क्वचित होते, हे ज्या यंत्राने त्यांचे काम घेतले त्याच्याबद्दल त्यांनी स्वतःहून सांगितले.

म्हणून मला वाटते, हात की यंत्र हा झगडा वरवरचा आहे. यंत्र सर्वांना सारखे वागविते हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोष. हात चुकतो, पण कोणते चित्र कसे घेतले हे त्याला ठाऊक असते. फाळक्यांची थोरवी त्यांनी यंत्र टाळले यात नाही. काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना स्वतःला येत होते, आणि म्हणूनच ते दुसऱ्याला शिकविता आले, यात ती आहे.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांस माहीत आहे. १९१३ मध्येच फाळक्यांनी आपला संसार आणि स्टुडिओ नाशिकला हलविला. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्री पडद्यावर आली. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले; तेथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. १९१७ च्या लंकादहनाने गिरगावात गर्दीचा उच्चांक केला. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत असे सांगतात. त्याच सुमारास चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी एक छोटी फिल्मही त्यांनी काढली, आणि तिच्या उरलेल्या तुकड्यात आपणांस दादासाहेब स्वतः काम करताना दिसतात. १९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांशी भागीदारी होऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन यांत त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. परंतु भागीदारीचे आणि फाळक्यांचे पुन्हा वाकडे आले. ते सर्व सोडून काशीला गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, आणि १९२२ साली परत आले.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक थिएटरात आलम आरा लागला. चित्रपट बोलू लागला. या घटनेने मूकपट संपले हे सर्वांना माहीत आहे. तिने हाताने फिल्म धुण्याचे दिवसही संपवीत आणले हे मला नव्यानेच कळले. बोलपटात आवाज फिल्मच्या कडेला चित्ररूपाने उमटवितात. ती पट्टी थोडी कमी-जास्त धुतली गेली तर आवाज बिघडतो. चौकट हाताने बुडवून आणि नजरेने जोखून हजारो फूट फिल्म तंतोतंत सारखी धुणे शक्य नव्हते. म्हणून जगभरच्या स्टुडिओंत सतत चालणारी धुण्याची यंत्रे आली. ज्या माणसाची सारी विद्या डोळा आणि हात यांची, त्याच्या हातून काळाने एकाच वेळी दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. त्यांचा सेतुबंधन हा मूकपट म्हणून तयार झालेला चित्रपट. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यानंतर ते नाशिकला शांतपणे राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास चित्रपट काढणाऱ्या या माणसाच्या शेवटच्या दिवसांत संपत्ती नव्हती.

मान पुढे मिळाला. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. १९७१ साली टपाल तिकीट निघाले. गोरेगावची चित्रनगरी त्यांच्या नावाची आहे. परंतु मथुरा भवनात धुतलेली फिल्म आज पुरती उरलेली नाही. राजा हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रीळे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत. पण तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. असे असेल तर दादरच्या त्या रात्रींची खूण म्हणून आपल्याजवळ एक रस्ता तेवढा राहिला.

त्या रस्त्याच्या पाटीवर दादासाहेबांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. सरस्वतीबाईंचे नाही. परंतु त्या काळोखात चौकट हाती धरून, आता काढावी की आणखी क्षणभर ठेवावी, हे ठरविणारे डोळे त्यांचेही होते. घरातले काम पाटीवर येत नाही. ते कॉलेजच्या अर्जातही येत नाही, हे माझ्याच हातून घडले होते.

या वर्षीचा अर्ज भरताना वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला तेव्हा मी त्यांना विचारले, की पूर्वीचे काम लिहू का. ते म्हणाले, आता त्या कामाचा काय उपयोग. हवे तर लिही. मी लिहिले: पूर्वी अंधारखोलीतील कारागीर. अर्ज घेणाऱ्या बाबूंनी ते वाचले की नाही कोण जाणे. परंतु त्या संध्याकाळी मी दादासाहेब फाळके मार्गावरून चालत गेलो आणि या वेळी पाटीकडे मान वर करून पाहिले.

भारतीय चित्रपटाच्या जनकास आणि त्यांच्या घरातील त्या पहिल्या फिल्म धुणाऱ्या माउलीस माझे विनम्र अभिवादन.